डबे कुठं ठेवायचे, कूलरचं तोंड कुणीकडे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी २७ वर्षांची. माहेर नाशिककडचं, सासर वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या एका गावात. लग्नाला ३ वर्षं झाली, मुलगी १४ महिन्यांची. घरात सासू-सासरे, नवरा, धाकटा दीर. ती म्हणते: "मारहाण नाही, पैशाची मागणी नाही, माणसं वाईट नाहीत. पण रोज काहीतरी बारीकसारीक होतं आणि संध्याकाळपर्यंत डोकं भणभणतं. नळ चौथ्या दिवशी, तोही कधी येईल त्याचा नेम नाही. रात्री सगळे एका खोलीत कूलरपुढे. त्याचं तोंड कुणीकडे यावरून कुरबुर, खोली चिपचिपते, पोरीला सर्दी. मी लावलेलं स्वयंपाकघर सासूबाई रोज बदलतात. ऐन जेवणाच्या वेळी न सांगता पाहुणे. नवरा मोबाइलमध्ये, बोलावं तर खेकसतो. आता कुणी नुसतं 'काय करून राहिली?' म्हटलं तरी डोळ्यांत पाणी येतं. मी इतकी चिडकी नव्हते. घरात बरं वाटावं यासाठी काही करता येईल का?"

बेटा, "मी इतकी चिडकी नव्हते" हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. ३० वर्षं मी अंगणवाडीची पर्यवेक्षिका होते. वर्धा, आर्वी, हिंगणघाट या पट्ट्यातली कितीतरी घरं मी ओसरीवरून नाही, पार चुलीपर्यंत जाऊन पाहिली. लेकराचं वजन करायला जायचं, आणि वजन होता होता त्या घरची बाई मनातलं बोलायची. हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की त्यामागं काय असतं ते मला ठाऊक आहे. तुला धड झोप नाही, उकाड्यानं जीव शिजलाय, दिवसभर पाण्याचा हिशोब डोक्यात आहे, आणि या सगळ्याचा राग समोर जो येईल त्याच्यावर निघतो. तुझ्या सासूबाईंचंही तेच चाललं असणार. त्यांना ते सांगता येत नाही, म्हणून त्या डबे हलवतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या घरात माणसं बरी असतात, तिथली रोजची कुरबुर बहुतेक वेळा पाणी, ऊन, जागा आणि झोप या चार गोष्टींतून उगवते. माणसाचा स्वभाव बदलायला जन्म जातो, कूलर दोन हात सरकवायला दहा मिनिटं लागतात. म्हणून सुरुवात कूलरपासून करायची.

मारहाण नाही असं तू स्वतः लिहिलंस, म्हणून मी या वाटेनं बोलते आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी मारहाण असेल, उपाशी ठेवणं असेल, माहेरून पैसे आण म्हणत असतील, तर तिथं कूलर सरकवून काही होत नाही. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, १८१ हा महिलांसाठीचा फोन आहे. तिथं सोसत बसायचं नाही.

आता "काय करून राहिली" याचं बघू, कारण याला ना पैसा लागत ना पाणी. तुमच्याकडे "काय करतेस?" म्हणतात. आमच्याकडे चालू असलेल्या कामाला "राहणे" लागतं. जेवून राहिला, झोपून राहिली, पाऊस येऊन राहिला. तुझ्या कानाला "काय करून राहिली?" हे "इतका वेळ काय करत बसलीस?" असं लागत असणार. तशी त्यात खोच नसते. कितीदा तर ती नुसती हाक असते; माणूस ओसरीवरून आत येतो आणि घरात कोण आहे हे कळावं म्हणून म्हणतो. "काहून" म्हणजे "का", "काहून उशीर झाला व?" यात जाब नाही, चौकशी आहे.

माझी भावजय सांगलीकडची. लग्नाच्या आठव्या दिवशी माझी आई तिला म्हणाली, "तो गंज आण वं." ती बिचारी खिडकीच्या गजांकडे पाहत उभी राहिली. आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं. त्याच आठवड्यात आईनं सांबार मागितला, तर ती म्हणाली, इडली कुठं केलीय? सांबार म्हणजे आमची कोथिंबीर. बेसन म्हणजे पीठही आणि पिठलंही. बटाटा आलू, टमाटर भेदरं. घरातले हसले, अगदी प्रेमानंच हसले, पण ती त्या रात्री रडली. परक्या घरात रोजचे शब्दसुद्धा आपले नसतात, हे दुःख लहान नाही. तुझ्या घरच्यांना ते दिसत नाही कारण ते कधी भाषेच्या बाहेर गेलेलेच नाहीत. हे तू तुझ्या नवऱ्याला सांग, याच शब्दांत सांग. आणि सासूबाईंजवळ बसून विचार, याला तुम्ही काय म्हणता आणि आमच्याकडे काय म्हणतात. माझ्या भावजयीनं तसं केलं. पुढं आई तिलाच शेजारणींना सांगायला लावायची, सांगलीत याला काय म्हणतात ते सांग गं.

आता कूलर. तुझ्या प्रश्नातली ही सगळ्यात सोपी गाठ आहे आणि तिच्यात तीन भांडणं अडकलीत, म्हणून जरा नीट सांगते.

कूलरच्या तिन्ही बाजूंच्या ताट्यांत गवत असतं, त्यावर पाणी झिरपतं. पंखा बाहेरची हवा त्या ओल्या गवतातून आत ओढतो. पाण्याची वाफ होते, ती होताना हवेतली उष्णता घेते, हवा गार होते. बाहेरची हवा जितकी कोरडी तितकं हे काम चोख. म्हणून आपल्याकडे पारा ४५ वर गेला तरी कूलरपुढं माणूस झोपतो, आणि कोकणात त्याच कूलरनं जीव घुसमटतो. पण गार झालेली ही हवा ओलसर असते. तिला खोलीतून बाहेर जायला वाट लागते. खोली बंद ठेवली की तीच ओली हवा फिरत राहते, गवतात पाण्याची वाफ होणं मंदावतं, अंग चिकट होतं, गादी दमट होते. तुझी खोली चिपचिपते ती यामुळंच. सासरे खिडक्या लावून घेत असणार, थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून. बहुतेक घरांत वडीलधारे हेच करतात आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो.

कूलर खोलीत ठेवलेला असेल तर तो खिडकीत किंवा खिडकीबाहेर स्टँडवर जाऊ दे, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा घेईल. त्याच्या समोरच्या भिंतीतली खिडकी किंवा दार वीतभर उघडं. मग वारा खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि वाटेतल्या सगळ्यांना लागतो. तोंड कुणीकडे हा प्रश्नच उरत नाही. पोरीचं अंथरूण त्या वाटेच्या बाजूला, सरळ झोतात नाही. मामाजींना, म्हणजे तुझ्या सासऱ्यांना, "तुमचं चुकतं" असं म्हणू नकोस. दिराला सांग, उघड्या फटीपाशी उदबत्ती धर. धूर बाहेर ओढला जाताना त्यांना स्वतःला दिसू दे, आणि "एक रात्र असं झोपून पाहू" एवढंच बोल. मी हे चार-पाच घरांत करून दाखवलंय. म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी सांध्यांचा आखडलेपणा कमी वाटला की तोच रोज खिडकी उघडतो.

कूलरबाबत एक गोष्ट हात जोडून सांगते. पाणी भरताना, ताटीला हात लावताना पिन काढायची. बटण बंद केलं एवढ्यावर भागत नाही, पिन बाहेर. पत्र्याचा कूलर, ओली जमीन, अनवाणी पाय आणि ढिला अर्थिंग, यानं दर उन्हाळ्यात विदर्भात माणसं दगावतात, लेकरं दगावतात. तुझी मुलगी आता धरून चालत असेल. तिच्या उंचीला कूलरचा पत्रा येतो. वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घे, आजच. आणि आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासायची, कोरडी होऊ द्यायची. डेंगूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यातून उडता डास व्हायला त्याला आठवडाभर पुरतो. मृगाचा पाऊस लागला की हवा दमट होते आणि कूलर कामाचा राहत नाही. मग तो पुसून झाकून ठेवायचा, पंख्यावर निभवायचं.

कूलर रात्रभरात बादल्याच्या बादल्या पाणी पितो, म्हणून पाण्याचं भांडण आणि कूलरचं भांडण खरं तर एकच. चौथ्या दिवशी नळ येणाऱ्या घरात दुपारी दोनपासूनच बाईच्या मनात ड्रम किती उरला याचा हिशोब सुरू होतो, आणि कुणी चूळ भरायला तांब्याभर जास्त घेतलं तरी तो तांब्या डोळ्यांत खुपतो. यावर माझा उपाय एकच: पाणी भरणं हे घरातल्या पुरुषांचं काम ठरवायचं. "मला मदत करा" असं म्हणायचं नाही. मदत म्हटलं की काम तुझंच राहतं आणि लक्षात ठेवण्याचं ओझंही तुझंच. नळ कधी येणार हे विचारणं, मोटर लावणं, ड्रम भरणं, कूलर भरणं, आठवड्याला घासणं, हे सगळं मिळून एक काम आणि ते नवरा आणि दीर यांचं. एखादे वेळी विसरले तर घर कोरडं राहू दे. तू धावत जाऊन भरलंस तर ते काम पुन्हा तुझ्याच गळ्यात येतं, हे मी शंभर घरांत पाहिलंय. तुझ्याकडे पिण्याचं पाणी ठेव: माठ झाकलेला, आत हात न घालता दांड्याच्या ओगराळ्यानं काढायचं. माठ जुना होऊन थंड करेनासा झाला तर त्याची छिद्रं क्षारानं बुजलेली असतात. बाहेरून नारळाच्या शेंडीनं घासून उन्हात एक दिवस वाळव. तरीही गार होत नसेल तर नवा घ्या.

नळाची वेळ नक्की नसणं ही तुझ्या घरातली गोष्ट नाही, गावाची आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तसं कायद्यातच आहे. कितीतरी गावांत ती कागदावर होते. तुम्ही आठ-दहा जणी जाऊन बसा आणि एकच मागा: कोणत्या आळीला कोणत्या दिवशी किती वाजता, ते फळ्यावर लिहा. जास्त पाणी मागितलं तर उत्तर मिळेल की विहिरीला पाणी नाही. वेळ मागितली तर नाही म्हणायला कारण उरत नाही. वेळ कळली की निम्मी धास्ती जाते. बाई निर्धास्त आंघोळ करते, निर्धास्त बाजाराला जाते.

आता डबे. याबद्दल मला माझ्या घरची गोष्ट सांगायची आहे.

माझ्या लग्नाचं दुसरं वर्ष. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला १५ दिवस गेल्या होत्या. मी नवीन, उत्साही, शिकलेली. त्यांचं स्वयंपाकघर मला अडगळ वाटायचं: पितळी डबे, पत्र्याचे डबे, बिस्किटांचे जुने चौकोनी डबे, सगळे फळीवर आपापल्या मर्जीनं. मी ते सगळे उतरवले, चिंचेनं घासले, उंचीप्रमाणे ओळीनं मांडले. मग पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून सुंदर अक्षरात लिहिलं: तूर डाळ, मोहरी, साखर, मीठ. खळ लावून चिकटवलं. नवऱ्यानं पाहिलं, म्हणाले, छान.

सासूबाई संध्याकाळच्या बसनं आल्या. पाय धुतले आणि चहा ठेवायला म्हणून आत गेल्या. मी दारातून पाहत होते, त्या काय म्हणतील म्हणून. त्यांनी सवयीनं हात वर केला, तिसरा डबा घेतला, झाकण काढलं. हरभऱ्याची डाळ. झाकण लावलं. शेजारचा काढला, मोहरी. पुढचा. प्रत्येक झाकण त्या अगदी हळू लावत होत्या, आवाज होऊ नये असं. पाचवा डबा झाल्यावर त्यांनी पदराला हात पुसले, वळल्या आणि मला म्हणाल्या, "सुनबाई, साखर कुठं ठेवली?"

त्यांना वाचता येत नव्हतं. मला हे माहीत होतं. वर्षाहून जास्त एका घरात राहून मला माहीत होतं, आणि पट्ट्या चिकटवताना एकदाही मनात आलं नाही. २६ वर्षं त्यांचा हात त्या फळीवर न पाहता जायचा. लाइन गेली, चिमणी विझली तरी मीठ बरोबर सापडायचं. त्या रात्री आम्ही दोघी बसून सगळे डबे पुन्हा होते तसे लावले आणि लावताना त्यांनी मला कारणं सांगितली. मीठ चुलीच्या वाफेपासून लांब, नाहीतर पाझरतं. तिखट वरच्या फळीवर, कारण माझ्या नवऱ्यानं दोन वर्षांचा असताना ते डोळ्यांत घातलं होतं. चहा-साखर दाराजवळ, कारण पाहुणा आला की पहिलं तेच लागतं. मी ज्याला अडगळ समजत होते त्यात एकही वस्तू उगाच ठेवलेली नव्हती.

म्हणून तुझ्या सासूबाई तू लावलेलं बदलतात तेव्हा त्या तुझं काम पुसत नसतात. त्यांचा हात रिकामा पडतो आणि मग त्या वस्तू जिथं हात जातो तिथं नेऊन ठेवतात. एक दिवस दुपारी, कामं आटोपल्यावर, त्यांना विचार: "आत्याबाई, हे इथंच का ठेवता?" प्रत्येक वस्तूचं विचार. ऐकून घे. आणि मग मागून घे: "एक फळी मला द्या." त्या फळीवर तुझं, तुझ्या पद्धतीचा मसाला, पोरीचं वाटी-चमचा, तिचं नाचणीचं पीठ, तुझी चहाची पत्ती. तिथं कुणी हात लावायचा नाही, हे त्यांनाही सांग, नवऱ्यालाही सांग, आणि त्याबाबत ठाम राहा. पोरीच्या खाण्याची भांडी कुठं असावीत हे ठरवायचा हक्क तुझा आहे. माझी फळी खिडकीजवळची होती. पुढं सासूबाई स्वतः बाजारातून आल्या की माझ्या वस्तू त्या फळीखाली ठेवून द्यायच्या, वर मी लावीन म्हणून.

नवऱ्याच्या खेकसण्याबद्दल एक विचारते. शेतीपंपाची लाइन सध्या कधी येते? आपल्याकडे ती कधी दिवसा, कधी रात्री अशा पाळीनं येते. रब्बीत गहू-हरभऱ्याला आणि आता उन्हाळी भुईमुगाला पाणी द्यायला माणूस रात्री अकराला जातो, अंधारात, सापाकिरड्यातून, रानडुकरांच्या वाटेतून, आणि पहाटे येतो. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळच्या चहाला तो काय बोलतो ते मनावर घेऊ नकोस, आणि आपली गाऱ्हाणी त्या वेळी काढू नकोस. दिवसाच्या लाइनचा आठवडा बघ. तोही खेकसत असेल तर मग त्याला बसवून सरळ सांग की असं बोललेलं मला चालत नाही. बोलायला वेळ निवड. गावात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर संध्याकाळी वडीलधारे तिकडे जातात. घर अर्धा-पाऊण तास शांत असतं. तेव्हा मोबाइल बाजूला ठेवायला सांग आणि एकाच गोष्टीबद्दल बोल. सात गोष्टी एकदम काढल्या की एकही सुटत नाही.

जागेचंही बघ. भाव वाढेल म्हणून कापूस अजून घरात भरून ठेवलाय का? असेल तर एक खोली त्यानं अडवली, आणि पाच माणसं व एक लेकरू उरलेल्या खोल्यांत एकमेकांच्या अंगावर. फार दिवस ठेवलेल्या कापसानं अंगाला खाजही सुटते, लेकरांना जास्त. तुझ्या पोरीच्या अंगावर बारीक पुरळ असेल तर आधी तिकडे पाहा. विकायचा की थांबायचं हा निर्णय घरातल्या सगळ्यांचा, पण त्या निर्णयात एक खोली जाते हे कुणीतरी बोलून दाखवावं लागतं. तू दाखव.

पाहुण्यांचं फार बोलत नाही. आमच्याकडे "जेवूनच जा" म्हणतात आणि माणूस खरंच जेवूनच जातो, ते बदलणार नाही. मूगवड्यांचा डबा भरलेला ठेव. मूठभर वड्या तेलात परतून लसूण-तिखटाचा रस्सा केला, सोबत भाकर आणि कांदा, की अर्ध्या तासात पाहुणा समाधानानं उठतो. भाकरी मात्र त्या वेळी दोघींनी मिळून करायच्या, एकीनं थापायच्या, एकीनं भाजायच्या.

तू विचारलंस, बरं वाटावं यासाठी काय करू. बेटा, त्यासाठी वेगळं काही आणावं लागत नाही, आपल्याकडच्या वर्षाच्या फेऱ्यातच ते ठेवलेलं आहे. फक्त तीन वर्षं तू त्या दिवसांत काम करणारी होतीस, बसून खाणारी नव्हतीस. पौषात तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडतात, पाटीभर मध्ये ठेवतात आणि घरातले सगळे भोवती बसून सोलून खातात. त्या वेळी तू उठून भांडी घासायला जाऊ नकोस, शेंगा संपेपर्यंत बस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकरांचा पोळा, येईल. तुमच्याच तालुक्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा मोठाल्या लाकडी नंद्यांसाठी नावाजलेला आहे. पोरीसाठी चाकांचा छोटा नंदी आतापासून सुताराला सांगून ठेव. ती दोरी धरून ओढेल तेव्हा तिच्या मागं तू आणि आत्याबाई दोघी चाला. आणि आत्ता या दिवसांत, ऊन कललं की अंगणात चार बादल्या नाही, एकच बादली पाणी शिंपड, भाजीपाला धुतलेलं चालेल. तापलेल्या मातीचा वास उठतो तेवढा वेळ बाजेवर नुसती बस. तेवढी पाच मिनिटं तुला कुणी हाक मारली तर "येते" म्हण आणि पाच मिनिटांनीच जा.

अक्षय तृतीया, आमची आखाजी, जवळ आलीय. तुमच्या घरी कुरड्यांचं काढलं असेल, नसेल तर तू काढ. गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, चोथा काढायचा आणि ते दूध रात्रभर निवत ठेवायचं. पहाटे वरचं पाणी ओतून दिलं की खाली पांढराशुभ्र घट्ट चीक राहतो. मोठ्या गंजात मीठ-हिंगाचं पाणी उकळायचं, चीक धारेनं सोडायचा आणि चाटूनं घोटत राहायचं. हे एकटीचं काम नाही, एकीनं ओतायचं, एकीनं घोटायचं, हात थांबला की गुठळी होते. आधी तो दुधासारखा पांढरा असतो, मग हळूहळू पारदर्शक होतो, चकाकतो. ओलं बोट लावलं आणि बोटाला चिकटला नाही की झाला. आत्याबाईंना विचार, त्या बोट न लावता नुसत्या वासावरून सांगतील. गरम असतानाच दीर गच्चीवर नेऊ लागेल, ऊन चढायच्या आत साच्यातून घालायला. तू त्याला थांबव. आधी दोन वाट्या काढून घ्या, कच्चं तेल आणि तिखट घालून, आणि चुलीपाशीच दोघी खा. गच्चीवरच्या कुरड्या तोवर मामाजींना आणि दिराला घालू देत. वाकड्या आल्या तरी तळल्यावर फुलतात.

मीठ-हिंग पोरीला नको. तिच्यासाठी शिजवायच्या आधीच कच्चा चीक वाटीभर वेगळा ठेव, आणि दुधात सैलसर शिजवून, खाली उतरवल्यावर वरून थोडा गूळ किसून दे.